स्पितीच्या खोऱ्यात जाताना

(रहाटणी गावठाणात, देवळाच्या सभामंडपात गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत ते एका प्रवासाची हकीकत सांगायला. पण नुसती हकीकत सांगून आम्ही बसणार नाही. येत्या जून महिन्यात आम्ही पुन्हा त्याच मुलुखात निघणार आहोत. तुमच्यातल्या काही जणांनी, "आम्हांलाही घेऊन चला," असे म्हटले आहे. नाव देण्याआधी त्यांनी सगळे नीट ऐकावे, म्हणून ही बैठक बोलावली आहे.

कुठे जायचे? स्पितीच्या खोऱ्यात.

खोरे हा शब्द आपल्याला नवा नाही. आपली रहाटणी पवनेच्या खोऱ्यातच वसली आहे. मधून नदी, तिच्या दोन्ही अंगांना जमीन आणि कडेला डोंगर. हे सगळे मिळून खोरे होते. स्पिती हीही एक नदी आहे. ती हिमाचल प्रदेशात, तिबेटच्या सरहद्दीजवळ वाहते आणि पुढे सतलजला मिळते. स्पिती म्हणजे मधला देश. एका अंगाला आपला भारत, दुसऱ्या अंगाला तिबेट, आणि हा मुलूख मधे.

आता फरक ऐका. आपली रहाटणी समुद्रापासून साधारण १,८५० फूट उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. ते ५,४०० फूट उंच आहे. स्पितीतले मोठे गाव काझा. ते सुमारे १२,००० फुटांवर आहे. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी आपले डोके काझ्याच्या जमिनीला लागत नाही. आणि गंमत अशी, की काझा हे शिखर नाही. तो खोऱ्याचा तळ आहे. नदीकाठचे गाव आहे ते! डोंगर त्याच्याही वर आणखी हजारो फूट चढत गेले आहेत.

तिथे पाऊस फार थोडा. असे का? आपल्याकडे लोणावळ्याला पाऊस धो धो कोसळतो. तेच ढग शिरूर-बारामतीकडे जाईपर्यंत रिकामे होतात. सह्याद्री त्यांना अडवतो. तिकडे हे काम हिमालय करतो. ढग अलीकडच्या अंगाला रिते होतात आणि पलीकडे स्पिती कोरडी राहते. डोंगर उघडे, मातीच्या रंगाचे. झाड दिसले तर नदीकाठी किंवा गावाजवळच. पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्यातली एक बाई म्हणाली, "आगं बाई, हितं मानसं खात्यात तरी काय?"

माणसे खातात, बरे का. आणि पिकवूनच खातात. वर डोंगरात बर्फ वितळते. ते पाणी बारीक पाटांनी मैलोगणती फिरवून शेतावर आणतात. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याला पाळ्या असतात, तशा तिकडेही पाण्याच्या पाळ्या आहेत. सातू पिकवतात आणि हिरवा वाटाणा पिकवतात. वाटाणा हे त्यांचे पैशाचे पीक. वर्षाकाठी पीक एकच येते, कारण हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते. आपल्यातल्या ज्यांनी मळ्याला पाणी दिले आहे आणि आता त्याच मळ्यात उंच इमारती पाहत आहेत, त्यांनी ते शेत जरूर पाहावे. आम्ही तिथे एका बांधावर अर्धा तास बसून होतो. मोटारवाला कर्णा वाजवून थकला.

पण आता मूळ गोष्टीकडे येतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते २०२२ सालच्या जून महिन्यात. आम्ही चौदा जण होतो. कुणाला कारखान्यातून रजा मिळेना, कुणाच्या घरी म्हातारे माणूस. म्हणून ठरवले, की सगळे आठ दिवसांत उरकायचे. एका मोटारवाल्याने कागदावर लिहून दिले, की दिल्लीहून मनाली, मनालीहून काझा, आणि तसेच परत. कागद दिसायला छान होता. त्यात मोटारीचा हिशेब होता, खोलीचा हिशेब होता, चहा-नाश्ता धरला होता. माणसाच्या शरीराचा हिशेब मात्र त्यात नव्हता. आणि तो आम्हीही विचारला नाही. दोष त्या मोटारवाल्याला एकट्याला देता येणार नाही. "लवकर करा, स्वस्तात करा," असा धोशा आम्हीच लावला होता.

आमच्यात एक दादा होते. नाव सांगत नाही, पण ते इथेच पुढे बसले आहेत आणि मिशीत हसत आहेत. वय तेव्हा एकसष्ट. सारा जन्म कारखान्यात लेथवर उभे राहून काढलेला. दर रविवारी सिंहगड चढणारा गडी. निघताना आम्ही त्यांना म्हटले, "दादा, उंचावर त्रास होतो म्हणतात." त्यावर दादा म्हणाले, "आरं, मी सिंव्हगड तासाभरात चढतो. मला काय व्हतंय?"

मनाली सुमारे ६,७०० फुटांवर आहे. तिथे आम्ही एक रात्र झोपलो. पहाटे पाचला निघालो. रोहतांगच्या डोंगराखालून आता अटल बोगदा गेला आहे. तो ९ किलोमीटरांहून थोडा लांब आहे आणि ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. पूर्वी त्या डोंगरावरून जावे लागे. बोगद्यातून भुर्रकन पलीकडे गेलो. मग रस्ता बिघडला. दगडगोटे, वाहते ओढे, मोटार बैलगाडीसारखी हलणारी. दुपारी कुंझुमच्या खिंडीत पोचलो. ही खिंड सुमारे १५,००० फुटांवर आहे. तिथे कुंझुम मातेचे देऊळ आहे आणि येणारी-जाणारी मोटार देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जाते. आमचीही मोटार फिरली. दादा खाली उतरले, नमस्कार केला, आणि कपाळ धरून परत आत बसले. "डोकं जरा दुखतंय," म्हणाले. संध्याकाळी काझ्यात.

रात्री दादा जेवले नाहीत. "पित्त झालंय," म्हणाले. रात्री ते दोनदा उठून ओकले. पण दिवा लावला नाही, कुणाला उठवले नाही. का? तर चौदा जणांत आपणच आजारी पडलो, असे कुणी म्हणू नये! हे आम्हांला मागाहून कळले.

सकाळी आमची मोटार आणखी वर निघाली. हिक्किम नावाचे गाव १४,४०० फुटांवर आहे. तिथे टपाल कचेरी आहे. १९८३ पासून ती तिथे काम करते. एवढ्या उंचावरून घरी पत्र टाकायचे, ही सगळ्यांची हौस. दादांनीही पत्र घेतले. दादांचे अक्षर तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. वळणदार, ठसठशीत. त्या दिवशी त्यांनी पत्ता लिहायला घेतला. 'रहाट' एवढे लिहिले आणि पेन थांबले. पुढचे अक्षर त्यांना आठवेना. आम्ही हसलो. खरेच सांगतो, आम्ही हसलो! "दादा, गाव विसरला की काय?" असे म्हणालो.

हसला नाही तो एकटा आमचा मोटार चालवणारा. तो स्पितीचाच तरुण होता. तो दादांकडे टक लावून पाहत होता. त्याने जमिनीवर पायाने एक रेघ ओढली आणि दादांना म्हणाला, "चाचाजी, या रेघेवरून चला. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून." दादा तीन पावले चालले आणि बाजूला झोकांडी गेले. दारू प्यालेला माणूस चालतो, तसे.

त्या पोराने मग कुणाचे काही ऐकले नाही. त्याच घडीला दादांना मोटारीत बसवले आणि थेट काझ्याच्या सरकारी दवाखान्यात आणले. तिथे त्यांना प्राणवायू लावला, सुई दिली. डॉक्टर आम्हांला म्हणाले, "मेंदूला सूज येत होती. आणखी काही तास वर राहिला असतात, तर माणूस हाती लागला नसता."

ती रात्र आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. बाहेर थंडी अशी, की हाताची बोटे वळेनात. आणि मनात एकच, की घरी दादांच्या मंडळींना काय तोंड दाखवायचे?

आता त्या दुखण्याविषयी थोडे सांगतो. हे समजले, की बाकीचे सगळे आपोआप समजेल.

कडब्याची गंजी तुम्ही पाहिली आहे. खालच्या पेंढ्या वरच्यांच्या भाराने दाबलेल्या असतात, आणि वरच्या सैल असतात. हवेचेही तसेच आहे. खाली हवा दाट असते. जसजसे वर जावे, तसतशी ती विरळ होते. प्राणवायूचा वाटा सगळीकडे तेवढाच, पण हवाच विरळ म्हटल्यावर एका श्वासात प्राणवायू कमी येतो. रहाटणीत एका श्वासात तीन घास मिळतात असे धरा, तर काझ्यात दोनच घास मिळतात.

याचा पुरावा चुलीवरही दिसतो. तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. आपल्याकडे त्याला जवळजवळ ९८ अंश लागतात. म्हणून तिकडे पाणी खळखळते, पण डाळ शिजत नाही. तिकडच्या बायका कुकर लावल्याशिवाय डाळ करीत नाहीत. आमच्या एका बहिणीने पातेल्यात भात टाकला होता. तो तांदूळच राहिला.

मग तिथली माणसे कशी जगतात? त्यांची शरीरे पिढ्यान्‌पिढ्या सवयीची झाली आहेत. आपल्याही शरीराला सवय होते, पण त्याला दिवस लागतात. शरीर आधी श्वास वाढवते, मग हळूहळू रक्तात पालट करते. हे काम तासात होत नाही. आणि छाती केवढी आहे, सिंहगड किती वेगाने चढता, याचा त्याच्याशी संबंध नाही. धडधाकट तरुणालाही त्रास होतो. उलट, तोच जास्त धावपळ करतो आणि तोच आधी पडतो.

आता दुखण्याची खूण ओळखा. उंचावर डोके दुखले, अन्न नकोसे झाले, मळमळले, चक्कर आली, झोप लागेना, तर ते पित्त आहे असे समजू नका. ते उंचीचे दुखणे आहे असेच धरा. तिथेच थांबा आणि वर पाऊल टाकू नका. विश्रांतीने बरे वाटले, तर पुढचा विचार. पण चालताना झोक जायला लागला, माणूस भलतेच बोलू लागला, नाही तर स्वस्थ बसूनही धाप लागते आहे, खोकला येतो आहे, थुंकीत गुलाबी फेस दिसतो आहे, तर सकाळची वाट पाहू नका. त्याला खाली उतरवा. असेल तर प्राणवायू लावा, दवाखाना गाठा, पण उतरणे हेच खरे औषध. आणि अशा माणसाला एकट्याला पाठवू नका.

इथे आमची दुसरी चूक उघडी पडली. दादांना खाली न्यायचे ठरले, तेव्हा प्रश्न आला, की खाली म्हणजे कुठे? मनालीच्या वाटेने जावे, तर आधी कुंझुमची १५,००० फुटांची खिंड चढायची. आजारी माणसाला पुन्हा वर चढवायचे! आपण खोऱ्यात आहोत म्हणजे खाली आहोत, असे वाटते. पण हे खोरे म्हणजे उंच कठड्याचा हौद आहे. बाहेर पडायचे, तर कठडा ओलांडावा लागतो. दुसरी वाट नदीच्या कडेने ताबोवरून किन्नौरकडे जाते. तीही मधे नाकोजवळ पुन्हा सुमारे १२,००० फुटांपर्यंत चढते आणि मग उतरते. त्यातल्या त्यात ही वाट बरी. दुसऱ्या दिवशी दादांना जरा हुशारी आली. डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि प्राणवायूची टाकी बरोबर घेऊन आम्ही त्या वाटेने उतरलो. रेकाँग पिओला, सुमारे ७,५०० फुटांवर पोचलो, तेव्हा दादांनी दोन दिवसांनंतर पहिल्यांदा चहा मागितला. चौदा माणसे त्या चहाकडे बघत उभी होती.

तर मंडळी, यंदाचा बेत या अनुभवावरून आखला आहे.

पहिली गोष्ट, वाट बदलली. मनालीकडून चढायचे नाही. सिमल्याकडून जायचे. मनालीहून काझा सुमारे २०० किलोमीटर पडते, आणि सिमल्याहून ४०० च्या वर. "दुप्पट लांब वाट कशाला?" असे काल एकाने विचारले. लांब आहे, म्हणूनच घेतली! ती हळूहळू चढते.

आपल्याला हे नवे आहे का? माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला एका दमात जाते का? ती मुक्काम करीत जाते. दिवे घाट चढली, की सासवडला विसावते आणि मगच पुढे निघते. आपणही मुक्काम करीत जायचे.

पुण्याहून आगगाडीने कालक्यापर्यंत. तिथून सिमल्याला छोटी गाडी जाते. ती १९०३ साली सुरू झाली. लहान मुलांना आणले नाही, म्हणून तिथे हळहळ वाटेल, एवढी ती मजेदार आहे. सिमला ७,२०० फूट, तिथे एक रात्र. मग सराहन, जवळजवळ त्याच उंचीवर. भीमाकालीचे देऊळ तिथेच आहे. तिथे एक रात्र. मग कल्पा, ९,७०० फूट, तिथे दोन रात्री. मग ताबो, १०,७०० फूट, तिथे दोन रात्री. ताबोचा मठ मातीचा आहे आणि इसवी सन ९९६ मध्ये बांधलेला आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माआधी पावणेतीनशे वर्षे! आतल्या भिंतींवर चित्रे आहेत. आपण आत बॅटरी लावून फोटो काढायचे नाहीत. मग काझा, तिथे तीन रात्री. काझ्याहून की मठ, हिक्किम वगैरे वर दिवसा जाऊन यायचे, पण झोपायला काझ्यातच यायचे. दिवसा चढावे आणि रात्री खाली झोपावे, हा त्या मुलुखाचा रिवाज आहे. जाणकार असे सांगतात, की १०,००० फुटांच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा साधारण १,६०० फुटांहून जास्त उंच झोपू नये. आमचा बेत त्यात बसतो. वहीत लिहून पाहिला आहे.

दोन दिवस आम्ही रिकामे ठेवले आहेत. त्या दिवसांत काहीच नाही. यावर मागच्या बैठकीत मोठा वाद झाला. "दोन दिवसांचा खर्च फुकट," असे म्हणणे पडले. तर ऐका. २०२३ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, तिकडे अवेळी बर्फ पडले. कुंझुमजवळ चंद्रताल नावाचे तळे आहे, १४,००० फुटांवर. तिथे तंबूत उतरलेले २५० हून जास्त प्रवासी अडकले. कित्येक दिवस रस्ता बंद. सरकारी माणसांनी बर्फ फोडून वाट केली, तेव्हा ते सुटले. ज्यांच्या खिशात जादा दिवस नव्हता, त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल? म्हणून हे दोन दिवस राहणार. चंद्रतालला आपण मुक्काम करणार नाही. येताना कुंझुमची वाट खुली असली, तर मनालीवरून उतरू. तोवर शरीराला सवय झालेली असेल. बंद असली, तर आल्या वाटेने परत. बर्फाने ही खिंड साधारण ऑक्टोबरअखेरीपासून मे अखेरीपर्यंत बंदच असते. किन्नौरची वाट बहुतेक वर्षभर चालू राहते, पण भर पावसाळ्यात तिच्यावर दरडी पडतात. म्हणून जूनची सुरुवात धरली आहे.

सगळे मिळून सतरा दिवस होतात. ज्यांना सतरा दिवसांची रजा मिळत नाही, त्यांना आम्ही नेणार नाही. हे कडू वाटेल. पण दहा दिवसांत करून द्या, असे कुणी म्हटले, तर आमच्याकडे उत्तर नाही.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांची चिठ्ठी. ज्याला हृदयाचे दुखणे आहे, दमा किंवा फुप्फुसाचे दुखणे आहे, रक्तदाब ताब्यात नाही, अंगात रक्त फार कमी आहे, त्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ज्या बहिणीला दिवस गेले आहेत, तिने यंदा येऊ नये. उंचीच्या दुखण्यासाठी डायमॉक्स नावाची गोळी असते. काही डॉक्टर ती आधीपासून देतात. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. काहींना सल्फाची औषधे सोसत नाहीत, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगितले पाहिजे. आणि गोळी घेतली, म्हणजे भरभर चढायला मोकळे झालो, असे नाही. दारू आणि झोपेची गोळी, दोन्ही बंद. ही अट आहे. काही जण मान खाली घालून बसले आहेत, ते आम्हांला दिसते आहे!

पैशाचे सांगतो. गेल्या वेळी दोघांनी सावकारी व्याजाने पैसे काढले होते. यंदा ते नको. बायकांची भिशी आहे, तशी आम्ही प्रवासाची भिशी लावली आहे. दरमहा हजार रुपये. जमा-खर्च वहीत लिहिला जातो आणि वही कुणीही वाचू शकतो. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा वाचाच. त्यातला एक हिस्सा वेगळा ठेवला आहे. कुणी आजारी पडला आणि त्याला मधूनच खाली आणावे लागले, तर वेगळी मोटार त्या पैशातून करायची. ज्याला उतरावे लागेल, त्याच्याकडून जादा पैसा घ्यायचा नाही. नाही तर माणूस पैशाच्या भीतीने दुखणे लपवतो. दादांनी लाजेने लपवले, दुसरा खर्चाने लपवेल. रोकड बरोबर ठेवावी. काझ्यात पैसे काढायचे यंत्र आहे, पण दरवेळी त्यात नोटा असतीलच असे नाही.

कपड्यांचे फार सांगत नाही. लोकरीची टोपी, मोजे, एकावर एक घालता येतील असे कपडे. जाड कोट एक. पिंपरीच्या बाजारात सगळे मिळते. उन्हाचा चष्मा मात्र विसरू नका. हवा विरळ, म्हणून तिथले ऊन बोचते. ओठ फुटतात, नाकाची साले निघतात. त्यासाठी तूप चालते. पाणी तहान नसली तरी पीत राहावे. आणि पाण्याच्या बाटल्यांचा कचरा तिथे टाकून यायचे नाही. तिथे कचरा उचलायला आपल्यासारखी घंटागाडी दारोदार येत नाही. घरून तांब्या-बाटली आणावी.

तिथले लोक बौद्ध धर्माचे. वाटेत दगडी भिंती लागतात, त्यांवर मंत्र कोरलेले असतात. भिंत उजव्या हाताला ठेवून चालायचे. आपली प्रदक्षिणाही तशीच असते, तेव्हा चुकायचे कारण नाही. वाटाण्याच्या शेतात शिरायचे नाही. एक शेंग आपल्याला गंमत असते, त्याचे ते वर्षाचे एकच पीक. पुष्कळ घरांतला संडास कोरडा असतो. त्यात पाणी ओतायचे नाही. त्याचे खत होऊन तेच शेताला जाते. गेल्या वेळी आमच्यातल्या एकाने बादलीभर पाणी ओतले. घरमालकीण काही बोलली नाही, पण तिचे तोंड पाहून आम्हांला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आणखी एक. दर रोज सकाळी निघण्याआधी आणि रात्री जेवणाआधी सगळ्यांनी गोल उभे राहायचे. एकेकाने सांगायचे, की डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का. मग रेघेवरून टाच-बोट लावून चालून दाखवायचे. थोर असो, लहान असो. हसायचे नाही. जोडीजोडीने नावे लावली आहेत. ज्याचा जोडीदार जेवला नाही, त्याने ते सांगायचे. ही चहाडी नव्हे. आणि एकाला जरी उतरावे लागले, तर त्याच्याबरोबर दोघे उतरतील. ते दोघे कोण, हे आत्ताच, इथेच ठरवायचे. तिथे गेल्यावर प्रत्येकाला हिक्किम पाहायचे असते.

आता दादांचे. ते यंदा येणार का, असे सगळे विचारतात. त्यांना पुण्याच्या डॉक्टरांनी तपासले आहे. एकदा त्रास झालेल्या माणसाला पुन्हा होऊ शकतो, असे डॉक्टरांनी साफ सांगितले. तेव्हा ठरले ते असे. दादा कल्प्यापर्यंत येतील. तिथे दोन रात्री ठीक गेल्या, तर ताबोपर्यंत. पुढे काझ्याला जायचे की नाही, हे दादा ठरवणार नाहीत आणि आम्हीही ठरवणार नाही. सकाळची रेघ आणि तिथले डॉक्टर काय म्हणतात, ते पाहायचे. नाही म्हणाले, तर दादा दोघांबरोबर ताबोला थांबतील. यावर दादांनी वहीत सही केली आहे. हिक्किमचे ते अर्धे पत्रही त्याच वहीत चिकटवले आहे. 'रहाट' एवढेच आहे त्यावर. पाहायचे असेल, तर पाहा.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता याच सभामंडपात नावे घेऊ. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि रजेचा कागद आणा. वही दादांकडे आहे. तेच नावे लिहून घेतील.